काचेवरचं कुंकू

मोशीजवळच्या वाडीतला गेनू बैलगाडीवरून एकदम मोटारीवर चढला, तेव्हा वाडीला आधी त्याचं कौतुक वाटलं, मग हेवा वाटला आणि शेवटी सवय झाली. सवय झाली नाही ती एकट्या गेनूला. सकाळी खाणीकडं जाताना तो वाटेतल्या प्रत्येकाला दिसेल असा चालायचा. अंगात खाकी सदरा, डोक्याला रुमाल आणि हातात चावी. चावी खिशात ठेवायला काही हरकत नव्हती, पण खिशातली चावी कुणाला दिसणार?

ते साल छप्पन्नचं. पिंपरीच्या माळावर कारखान्याच्या भिंती उठत होत्या आणि त्यांना खडी लागत होती. चिंबळीच्या यशवंतरावांनी खाणीतली खडी तिकडं पोचवायचं काम घेतलं आणि नवी कोरी डिझेलची मालमोटार आणली. गेनू लढाईच्या दिवसांत देहूच्या डेपोत लष्करी गाड्या चालवायला शिकला होता. त्यामुळं यशवंतरावांना ड्रायव्हर शोधत हिंडावं लागलं नाही. क्लिनर म्हणून गेनूनं आपला चुलतभाऊ बिरू याला घेतलं. बिरू त्याच्याहून सात वर्षांनी थोरला. क्लिनर म्हटला की कोवळा पोरगा, अशी सगळ्यांची समजूत. हा मिशा पिकलेला क्लिनर गाडीच्या पायरीवर उभा बघून भोसरीच्या नाक्यावरची माणसं हसायची. बिरूही त्यांच्याबरोबर हसायचा.

गाडी ताब्यात द्यायला पुण्याच्या गॅरेजातून उद्धवराव मिस्त्री आला होता. बीडकडचा माणूस, तोंडात सुपारी, बोलणं मोजकं. त्यानं गेनूला आत बसवलं आणि स्टिअरिंगच्या चाकापुढच्या तीन गोल काचांवर एकेक करून बोट ठेवलं.

"ही डावीकडली पाण्याची. काटा लाल रेघेला टेकला की थांबायचं, इंजिन निवू द्यायचं. ही उजवीकडली बॅटरीची. आन् ही मधली तेलाची. इंजिनात तेल फिरायलंय का न्हाई, ते हिच्यात दिसतंय. हिचा काटा खाली बसला, की जागच्या जागी इंजिन बंद. पुढं सावली बघून थांबतो म्हणायचं न्हाई. तेवढ्यात इंजिन जळतंय."

"मला कानानं कळतंय, मिस्त्री," गेनू म्हणाला. "बैलाच्या खुरात खडा अडकला तरी मी गाडीवर बसून सांगायचो."

"कानाला कळायच्या आदी काट्याला कळतंय. डोळे असून कामून कानानं बघायलास?"

बिरू पायरीवर उभा राहून ऐकत होता. त्यानं हळूच वाकून विचारलं, "मदली म्हंजी हीच न्हवं, मिस्त्री?" मिस्त्रीनं मान हलवली आणि तेलाची काडी कशी बघायची, ते त्याला वेगळं दाखवलं. काडी उपसायची, पुसायची, परत घालायची, परत उपसायची. तेव्हापासून रोज सकाळी बिरू ती काडी उपसून डोळ्यांपुढं धरायचा. सोनारानं तराजू धरावा तसा तो उभा राही, आणि गेनू आत बसून भोंगा वाजवी.

खंडेनवमीला खाणीतल्या पहारी, घण आणि खडी फोडायच्या सुतक्या धुऊन ओळीनं मांडल्या होत्या. ओळीच्या शेवटी मालमोटार उभी होती. बिरूनं पहाटेपासून घासून तिला अंघोळ घातली होती, पुढच्या जाळीला झेंडूचा हार बांधला होता. गेनूची बायको रतनबाई ताट घेऊन आली. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं, म्हणून तिनं ते तेलात कालवून आणलं होतं. पोळ्याला बैलांच्या कपाळाला ती तसंच लावायची. बॉनेटवर तिनं स्वस्तिक काढलं आणि मग घुटमळली.

"आवं, हिचं कपाळ कुठलं?"

गेनू रंगात आला होता. सगळी खाण बघत होती. "भाईर हाय ते नुसतं त्वांड," तो म्हणाला. "कपाळ आत हाय. ये वर."

त्यानं हात धरून तिला केबिनमध्ये चढवलं. चारचौघांत नवऱ्यानं असा हात धरलेला बघून बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रतनबाई लाजून चूर झाली. समोर तीन काचा होत्या. "ही मदली," गेनूनं दाखवलं. तिनं अंगठ्यानं मधल्या काचेवर ठसठशीत कुंकू लावलं, त्यावर हळद, त्यावर चार तांदूळ. काच ती केवढी? कुंकवानं पार भरून गेली.

"गेनू, ती तेलाची न्हवं?" पायरीवरून बिरू म्हणाला.

"कुंकू लावलं म्हून तेल आटतंय व्हय, दादा?" गेनू मोठ्यानं म्हणाला आणि सगळे हसले. गेनूची आई गवराबाई लांब, बाभळीखाली उभी होती. विधवा बाई, पूजेच्या जागी ती पुढं येत नसे. तिनं तिथूनच हात जोडले.

पूजेचं कुंकू दसऱ्यालाही राहिलं आणि दसरा झाल्यावरही राहिलं. तेलातलं असल्यानं ते वाळत नव्हतं आणि झडतही नव्हतं. बिरूनं दोनदा फडकं पुढं केलं. "सवाष्णीनं लावलंय, पुसतूस कसा?" म्हणून गेनूनं त्याला गप्प केलं. खरं सांगायचं तर एकदा तो स्वतःच पुसायला गेला होता. फडकं काचेपर्यंत नेलंही होतं. पण कुंकू पुसायचं म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट यायची. तो सात वर्षांचा होता. बापाला नेलं आणि मागं बायांनी आईला धरून बसवलं, ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसलं. लाल पाणी नाकावरून ओघळून तिच्या ओठांत गेलं होतं. त्या दिवसापासून आईचं कपाळ उघडं ते उघडंच. गेनूनं फडकं खाली ठेवलं. आणि तसं काय, त्याला कानानं कळतच होतं की.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी खाणीत दोन गाड्या भरायला लागल्या होत्या. दुसरी होती सयाजीची, दुसऱ्या कंत्राटदाराची. सयाजी आणि गेनू एकमेकांशी गोड बोलायचे आणि दिवसाकाठी कोण जास्त खेपा करतो, यावर दोघांचंही बारीक लक्ष असायचं. त्या दिवशी सयाजीची गाडी आधी भरली आणि तो जाता जाता भोंगा वाजवून गेला. गेनूच्या अंगाची आग झाली.

"गेनू," बिरू गाडीखाली वाकून म्हणाला, "खाली काळं पडलंय. आदल्या रोजी आपण त्या दगडावर घासलो तिथला तेलाचा बोल्ट बघाय पायजे. थांब, काडी बघतो."

"कालचं आसंल ते. बस."

"आरं, काडी तरी—"

"तू बसतूस का मी जाऊ?"

गेनूनं गाडी हलवली. बिरू बॉनेटवरचा हात काढून पळत आला आणि पायरीवर चढला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. तो नुसता मागं वळून जमिनीवरचा काळा डाग बघत राहिला, खाणीचं वळण येईपर्यंत.

सडकेला लागल्यावर गेनूनं गाडी पळवली. भोसरीच्या अलीकडचा चढ दिसायला लागला आणि चढावर सयाजीच्या गाडीची धूळ. तेवढ्यात इंजिनातून बारीक टकटक यायला लागली.

"काय वाजतंय?" बिरू म्हणाला.

"खडी असंल. मडगार्डवर उडती."

पण ती खडी नव्हती, हे गेनूच्या कानाला कळलं होतं. ज्या कानाची त्यानं आयुष्यभर फुशारकी मारली, त्या कानानं त्याला सांगितलं आणि त्यानं ऐकलं नाही. त्यानं समोर बघितलं. पाण्याचा काटा जागेवर होता. बॅटरीचा जागेवर होता. मधल्या काचेत लाल कुंकू होतं आणि त्यावर दोन तांदूळ अजून चिकटून होते. त्याचा हात चाकावरून उचलला गेला, काचेपर्यंत गेला आणि परत आला. चढ संपू दे, वर थांबून बघू, असं तो मनाशी म्हणाला.

चढ निम्मा झाला आणि टकटकीचा घण झाला. मग एक मोठा करकर आवाज झाला आणि गाडी जागीच आवळली. गेनूनं घाबरून क्लच दाबला. दाबायला नको होता. अडकलेलं इंजिन चाकांना धरून होतं, ते सुटलं आणि खडीनं भरलेली गाडी मागं सरकायला लागली. गेनू ब्रेकवर उभा राहिला. एवढ्या ओझ्याला ब्रेक पुरेना. आरशात कडब्याची बैलगाडी दिसली, वर बसलेली म्हातारी दिसली. गाडीवान बैलांना ओढत होता आणि बैल हलत नव्हते.

बिरूनं उडी मारली होती. सीटखालचा बाभळीचा ठोकळा काढून तो पळत मागं गेला आणि चाकाखाली घातला. गाडी ठोकळ्यावर चढली, कचकन थांबली. बिरूचा एकच आवाज आला. ओरडला नाही, कण्हला तेवढाच. ठोकळा आणि चाक यांच्यात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा सापडला होता.

दोघं सडकेच्या कडेला बसले. बिरूनं दातांनी आपल्या धोतराचा काठ फाडला आणि अंगठ्याला गुंडाळला. कडब्याच्या गाडीतली म्हातारी उतरून आली, तिनं त्याला पाणी पाजलं, बिरूला आशीर्वाद दिला आणि गेनूकडं न बघता गेली. जाणाऱ्या एका सायकलवाल्याकडून गेनूनं मालकांना निरोप धाडला.

मग तो केबिनमध्ये चढला. कशाला चढतोय, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. डोक्याचा रुमाल सोडला आणि मधली काच पुसली. चार दिवस जो हात तिथवर जाऊन परत येत होता, तो आता मागं आला नाही. कुंकू तेलातलं, सहजी निघेना. त्यानं तोंडातल्या थुंकीनं रुमाल ओला केला, नखं लावली. आत काटा दिसायला लागला. तो तळाला बसून होता. खाली उतरला तेव्हा रुमाल लालभडक झाला होता आणि बिरू त्या रुमालाकडं बघत होता. गेनूनं रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

यशवंतराव जीपमधून आले. कुळकुळीत काळा, उंच माणूस. आवाज न चढवता बोलणारा. त्यांनी गाडीखाली बघितलं, बोल्टाच्या जागेवरून थेंब थेंब काळं गळत होतं ते बघितलं.

"सकाळी तेल कुणी बघितलं हुतं?"

"ते काम बिरूदादाचं हाय, मालक," गेनू म्हणाला.

या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते एवढं सहज तोंडातून गेलं.

"बिरू? बघितलं हुतंस?"

बिरूनं मालकाकडं बघितलं नाही. त्यानं गेनूकडं बघितलं आणि थांबला. पुढचं गेनू सांगेल म्हणून थांबला होता तो. गेनू टायरवरच्या चिखलाकडं बघत राहिला. सडकेवरून एक सायकल गेली, तिची घंटी वाजली.

"न्हाई बघितलं, मालक," बिरू म्हणाला.

"मग काय म्हनून तुला ठिवला हुता? नुसता पायरीवर हुबा ऱ्हायला?" यशवंतराव म्हणाले. "उद्यापास्नं येऊ नको. हात दावून घे डॉक्टरला."

गेनूला तेव्हाच बोलता आलं असतं. अजून काही फार उशीर झाला नव्हता. बिरू उठून भोसरीच्या दिशेनं चालायला लागला होता, अंगठा छातीशी धरून. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पुढं कितीतरी दिवस गेनूला त्या पाठमोऱ्या माणसाचं धोतर दिसत राहिलं, एका बाजूला काठ नसलेलं.

गाडी पुण्याला ओढून नेली. इंजिन पुरतं खोलावं लागणार होतं, दोन आठवडे तरी जाणार होते. यशवंतरावांनी गेनूला ठेवून घेतलं. "चूक क्लिनरची, तुला कशापायी काढू?" ते म्हणाले. तोवर त्यानं खाणीवर देखरेख करायची, म्हणजे बसून राहायचं. आणि त्याच खाणीत बिरू खडी फोडायला आला. चांगला हात उजवा, आणि त्याचाच अंगठा गेलेला. तो सुतकी डाव्या हातानं धरायचा. डाव्या हाताचा घाव सरळ बसत नसे. दगड निसटायचा, चिरफळी उडून पायाला लागायची. शेजारच्या बाया दिवसाला चार ढीग करायच्या, बिरूचे दोन व्हायचे. मुकादम त्याला म्हणायचा, "बिरूतात्या, मोटारीत बसून हात मऊ झालं का?" बिरू हसायचा. गेनू दहा हातांवर सावलीत बसलेला असायचा आणि त्याला सावलीसुद्धा पोळायची.

घरी तर आणखीच पंचाईत. दोघांचं अंगण एक, चुलीच तेवढ्या वेगळ्या. रतनबाईनं धुण्यात रुमाल काढला आणि विचारलं, "हे कसलं वो लाल?"

"रगात. बिरूदादाच्या आंगठ्याला बांधला हुता."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यानं गेनूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाकरी पुढं होती, ती त्यानं पाण्याबरोबर ढकलली.

दुसऱ्या दिवशी अंगणात बिरूची बायको ठकुबाई तांदूळ निवडत होती. रतनबाई तिच्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "भावजींचा आंगठा कसा हाय? आमच्या ह्यांचा रुमाल पार भरला हुता बघा."

ठकुबाईनं सुपातून मान वर केली नाही. "आमच्या मानसाचा आंगठा त्येंच्याच धोतराच्या काठात बांधलेला हुता. आजून तीच पट्टी हाय. तुज्या घरचा रुमाल मी बघितला न्हाई, बये."

रतनबाई उठून आत आली. दोरीवरचा रुमाल तिनं काढून नाकाशी धरला. रक्त गार पाण्यात निघतं. हे तीन पाण्यांतून निघालं नव्हतं, आणि त्याला तेलाचा वास होता. ते तिच्याच हातचं कुंकू होतं. गेनू दारात उभा राहून हे बघत होता. तिनं रुमालाची घडी घातली आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवून दिली. त्या दिवसापासून ती त्याला वाढायची, पाणी द्यायची, हाक मात्र मारेना. भांडली असती तर गेनूला बरं वाटलं असतं.

उद्धवराव मिस्त्री इंजिन बसवून, गाडी स्वतः चालवत घेऊन आला तो वसुबारसेच्या दिवशी. खाणीच्या तोंडाशी त्यानं गाडी उभी केली आणि गेनूला वर बोलावलं. मधल्या काचेभोवतीच्या पितळी कड्यात त्यानं नख घातलं आणि फिरवलं. नखात लाल आलं.

"काच पुसायला वेळ घावला तुला," मिस्त्री अगदी हळू म्हणाला. "इंजिन बंद करायला घावला न्हाई?"

गेनू पुढं झुकला. "मिस्त्री, मालकास्नी..."

"मी इंजिनाचं काम करायलोय. मानसांचं तुमचं तुमी बघा." त्यानं नख पँटीला पुसलं आणि तो खाली उतरला.

यशवंतरावांनी नारळ आणला होता. खाण थांबली, माणसं जमली. बिरूही सुतकी ठेवून मागं येऊन उभा राहिला. अंगठ्यावरची पट्टी आता मातकट झाली होती. नख गळून पडलं होतं. रतनबाई ताट घेऊन आली. मालकांनीच बोलावलं होतं तिला, मागल्या वेळेसारखं. तिनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मग कुणी हात न धरता, दांड्याला धरून ती स्वतः केबिनमध्ये चढली. तेलातलं कुंकू अंगठ्यावर घेतलं आणि मधल्या काचेपुढं अंगठा नेऊन थांबवला.

"हितंच लावायचं न्हवं?" तिनं गेनूकडं बघत विचारलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होती. "कपाळ हेच न्हवं? तुमीच दावलं हुतं."

कुणाला काही कळलं नाही. कळलं ते चौघांना: रतनबाईला, मिस्त्रीला, बिरूला आणि गेनूला. गेनूनं नुसतं 'नको, बाहेरच पुरे' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. यशवंतरावांनी नारळ फोडला असता, पेढे वाटले असते. पण तो अंगठा काचेपुढं तसाच थांबला होता आणि त्याच्यावरून लाल तेल मनगटाकडं उतरत होतं. तिकडं मागं दुसरा एक अंगठा होता.

"नगं," तो म्हणाला. "नगं लावू. मालक, मागल्या बारीला हितंच कुंकू हुतं. काटा दिसत न्हवता. म्या पुसलं न्हाई. इंजिन बसल्यावर पुसलं, तुमी यायच्या आदी."

यशवंतरावांचा नारळ धरलेला हात खाली आला.

"आन् तेल?"

"बिरूदादा काडी बघतो म्हनत हुता. खाली काळं पडलंय म्हनाला. मीच बघू दिलं न्हाई. सयाजी पुढं गेला म्हून." सगळी खाण बघत होती; खंडेनवमीलाही बघत होती, तेव्हा त्याला केवढी गोडी वाटली होती त्याची. "त्यानं ठोकळा घातला म्हून गाडी ऱ्हायली. आंगठा त्याचा गेला आन् नाव बी त्याचंच घातलं म्या."

गवराबाई बाभळीखाली उभी होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

"चावी दे," यशवंतराव म्हणाले.

गेनूनं चावी दिली. हातातच होती ती, नेहमीसारखी.

दिवाळी झाल्यावर गाडीवर राजगुरुनगरकडचा दत्तोबा नावाचा ड्रायव्हर आला. बिरूला मालकांनी परत पायरीवर घेतलं. गेनूला यशवंतराव खाणीत ये म्हणाले नाहीत आणि येऊ नकोही म्हणाले नाहीत. तो आपणहून आला आणि पाट्या भरायला लागला. खडीची पाटी डोक्यावर घ्यायची, फळीवरून गाडीत चढायचं, ओतायची, उतरायचं. पहिल्या आठवड्यात मान अशी धरली की पाणी पिताना वर बघता येईना. मोशीच्या वाटेवर आता तो कडेकडेनं चालायचा. घरी रतनबाई पुन्हा बोलायला लागली होती, पण जपून, पाहुण्याशी बोलावं तशी. बिरू मात्र एक शब्द बोलत नव्हता. अंगणात समोरासमोर आले तर बाजूला होऊन वाट द्यायचा. एवढ्या थोरल्या माणसानं वाट द्यावी, याची गेनूला शिवीपेक्षा जास्त लाज वाटायची.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गाडी भरून झाली होती. दत्तोबानं इंजिन चालू केलं. शेवटची पाटी ओतून गेनू फळीवरून उतरला आणि त्याला पुढच्या चाकामागं जमिनीवर एक ओला डाग दिसला. तो जागीच थांबला. सांगायचं कुणाला? आणि कुठल्या तोंडानं? बाकीचे पाटीवाले हसतील, हे त्याला ठाऊक होतं. गाडी हलायच्या बेतात होती.

"खाली वलं दिसतंय," तो म्हणाला. आवाज इंजिनात बुडाला. तो पुढं झाला आणि ओरडला, "खाली वलं दिसतंय, थांबवा!"

"तू पाट्या भर, गेनूराव," दत्तोबा खिडकीतून म्हणाला. "मोटारीची काळजी तू केलीस तेवढी बास." पाटीवाले खरंच हसले.

"दत्तोबा, बंद कर," पायरीवरून बिरू म्हणाला.

"आवं तात्या, उशीर—"

"बंद कर म्हनतो न्हवं."

इंजिन थांबलं. बिरू उतरला, गुडघे टेकून गाडीखाली वाकला. बोट डागात बुडवून त्यानं डोळ्यांपुढं धरलं, नाकाशी नेलं. मग बॉनेट उघडून काडी उपसली, पुसली, घातली, परत उपसली. नखाशिवायच्या त्या अंगठ्यानं त्याला काडी नीट धरता येत नव्हती. त्यानं ती दोन बोटांत धरली होती. सगळी खाण खोळंबली होती. गेनू रिकामी पाटी छातीशी धरून उभा होता.

"पानी हाय," बिरू म्हणाला. "मी सकाळी डबा भरताना सांडलं हुतं. तेल बरोबर हाय."

पुन्हा हशा झाला, आता जास्तच. दत्तोबानं कपाळावर हात मारला. गेनूची मान खाली गेली. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. तो पाटी घेऊन ढिगाकडं वळला.

"गेनू," मागून बिरूनं हाक मारली.

तो थांबला, पण त्याला मागं वळवेना.

"पानी असू दे, न्हाईतर कायबी असू दे," बिरू म्हणाला. "दिसलं की सांगत जा. मी उतरून बघीन."

गाडी चालू झाली आणि खाणीचं वळण घेऊन गेली. गेनू ढिगाशी खाली बसला. फावड्यानं पाटी भरता भरता त्याला समोरची खडी दिसेनाशी झाली. मागं पाटीवाले खोळंबले होते. त्यानं बाहीनं डोळे पुसले, पाटी भरली आणि डोक्यावर घेतली.